गॅस जातो कुठं?

गाडीच्या एसीचं काम करणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात सगळं गाव ओळखतं. थंडीत तेच लोक बाजारात समोरून येतात आणि मेथीच्या भावात गुंतल्यासारखं करून पुढं निघून जातात. यात राग धरण्यासारखं काही नाही. दाताच्या डॉक्टरचंही असंच होत असणार.

शिरूरला बायपासच्या कडेला माझं दुकान आहे. पत्र्याची शेड, समोर एक कडुलिंब आणि त्याच्या सावलीत बॉनेट उघडी टाकलेल्या गाड्या. आता रोजचं काम माझा भागीदार दत्ता बघतो. मी सकाळी जाऊन बसतो, चहा पितो आणि कुणी विचारलंच तर मत देतो. लोक मला तांबोळी मामा म्हणतात. या धंद्यात कसा आलो ते सांगत बसत नाही, त्यात विशेष काही नाही. पण एका गाडीबद्दल सांगायचं आहे. ते नीट कळावं म्हणून आधी आमचं काम काय असतं ते थोडक्यात सांगतो.

गिऱ्हाईक आलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मामा, गॅस संपलाय, टाकून द्या." लोकांना वाटतं, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळतो आणि संपतो. तसं नसतं. बंद नळ्यांमधून तोच गॅस गोल गोल फिरत राहतो. बॉनेटखालचा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो गरमी सोडतो, मग डॅशबोर्डच्या आत एक कूलिंग कॉइल असते तिच्यात जाऊन गार होतो आणि तुमच्या तोंडावर गार वारा येतो. नळ्या शाबूत असतील तर हा गॅस वर्षानुवर्षं पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठून तरी बाहेर गेला. मग प्रश्न राहतो एकच, जातो कुठं? गॅस भरणं सोपं आहे, कुणीही भरतो. गळती शोधणं हे खरं काम. त्या गॅसला रंग नाही, वास नाही, आणि भोक कधी कधी सुईच्या टोकाएवढंही नसतं.

सगळ्याच गाड्यांत गळती असते असंही नाही. तळेगाव ढमढेऱ्याकडचे एक पुढारी दर उन्हाळ्यात यायचे. "मामा, थंड होत न्हाई, नवी गाडी हाय राव." मी सगळं तपासलं, काहीच बिघाड नाही. शेवटी त्यांच्या शेजारी बसून बाजारच्या दिवशी तळेगावपर्यंत गेलो. साहेब एसी लावायचे आणि प्रत्येक ओळखीच्या माणसाला राम राम घालायला काच खाली करायचे. त्या रस्त्यावर त्यांच्या ओळखीचा नाही असा माणूस मला दिसला नाही. मी म्हणालो, "साहेब, एक तर मतं घ्या, न्हाई तर थंड हवा घ्या." ते मोठ्यानं हसले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार घेऊन परत आले.

उसाच्या भागात उंदीर पाइप कुरतडतात. खडीच्या रस्त्यानं पुढच्या जाळीला दगड लागतो. रबराची एक बारीक कडी असते, ओ-रिंग म्हणतात तिला, ती वाळून तडकते. गळती बहुतेक या तीन-चार जागीच सापडते. गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं, ते गळतीतून बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून काळा ओशट डाग दिसला की आम्ही खूश होतो. डाग नसेल तर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. तेही नसेल तर नळ्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहायचं. आणि एक छोटं यंत्र असतं, त्याच्या लवचिक सोंडेला गॅसचा माग लागला की ते टीं टीं करायला लागतं. वर्षानुवर्षं चालू इंजिनजवळ डोकं घालून माझे कान बारीक आवाजाला निकामी झालेत, पण त्या यंत्राचा आवाज मला अजून येतो.

तर आता ती गाडी.

दौंडचे भालेराव माझ्याकडे पहिल्यांदा आले ते ऑक्टोबरच्या उकाड्यात. रेल्वेत सांधेवाले म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. उंच, सडसडीत, तळहात असे की हात मिळवला तर कळावं, या माणसानं आयुष्यभर लोखंड ओढलंय. जुन्या केबिनमध्ये एकेक दांडी ओढून रूळ जोडायचे आणि तोडायचे, हे त्यांचं काम होतं.

"जय भीम, मिस्त्री," ते म्हणाले. "तुमचं नाव ऐकून इतक्या लांब आलोय. गॅस भरला की दोन महिनं चालतं आन् मग गरम हवा. दौंडला चार जणांनी भरून दिला. कुणी म्हणतं इथनं गळतंय, कुणी म्हणतं तिथनं. खरं काय ते तुम्ही बघा."

गाडी लहान, जुनी पण निगा राखलेली होती. बिनक्लचची. डॅशबोर्डवर बुद्धाची एक छोटी मूर्ती. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला खालून वर आलेली लोखंडी दांडी होती, तिला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवलेली. दांडी पुढं ढकलली की ब्रेक लागे, खाली दाबली की गाडीला वेग येई. पायाचे पेडल होते तसेच होते, भालेराव स्वतः पायानंच चालवत आले होते.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"पोरीसाठी. प्रज्ञा. तिच्या पायात जोर न्हाई." इतकंच बोलून त्यांनी दांडीवर हात ठेवला. मग स्वतःहून म्हणाले, "दांडी मी केलीय. वेल्डिंग दुसऱ्याचं, पण माप, जोड, सगळं माझं. आरटीओतनं पास करून घेतलीय." हे सांगताना त्यांचा आवाज जरा वर चढला होता.

पुढच्या जाळीपाशी एका जोडावर ओशट डाग सापडला. ओ-रिंग बदलली, गॅस भरला. काम झालं असं मला वाटलं. भालेरावांना चहा पाजून निरोप दिला.

थंडी संपता संपता ते परत आले. गॅस पुन्हा गेलेला.

या वेळी मी गाडी ठेवून घेतली. नायट्रोजन भरला आणि गेजवरच्या काट्याला खूण करून गाडी रात्रभर बंद शेडमध्ये उभी केली. सकाळी काटा खुणेवरच. हललासुद्धा नव्हता. दत्ता म्हणाला, "मामा, हिला काय झालेलंच न्हाई." दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलेलं पोर डॉक्टरसमोर उड्या मारायला लागतं ना, तसं झालं. मी गॅसमध्ये एक रंग सोडला. हा रंग गळतीतून बाहेर येतो आणि निळ्या बॅटरीच्या उजेडात चमकतो. भालेरावांना सांगितलं, "गाडी वापरा. थंडावा कमी वाटला की आणा. मग रंगच आपल्याला जागा दाखवंल."

एप्रिलच्या शेवटी ते आले. ऊन असं की दुपारी बायपासवर कुत्रं दिसेना. या वेळी मागच्या सीटवर एक तरुण बाई बसलेली होती. तिशीच्या आतबाहेरची, चष्मा, केस घट्ट बांधलेले. डोक्यावर आणि खांद्यांवर ओले पंचे. शेजारी घडी केलेली चाकाची खुर्ची. हीच प्रज्ञा.

भालेराव खाली उतरले ते सरळ माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"मिस्त्री, ह्या खेपेला झालं तर झालं. न्हाई तर गाडी इकून टाकायची. तिला म्हणलंय, नोकरी सोड. पेन्शन हाय माझी. काय गरज हाय?"

मग काय घडलं ते त्यांनी सांगितलं. प्रज्ञा रांजणगावला एका कंपनीत माल पाठवण्याच्या विभागात कॉम्प्युटरवर काम करते. आधी दुचाकीवरून जायची. त्याच रस्त्यावर अपघात झाला आणि पाठीचा कणा दुखावला. बरी व्हायला दोन वर्षं गेली. कंपनीनं जागा ठेवली होती. तेव्हा भालेरावांनी गाडी घेतली, दांडी बसवली, आणि ती एकटी दौंडहून जायला-यायला लागली. कंपनीच्या गेटवर वॉचमन खुर्ची काढून देतो. सगळं सुरळीत होतं, फक्त एसी दगा द्यायचा. मागच्या आठवड्यात घरी परतताना पारगावच्या अलीकडं भीमेच्या पुलावर तिला अंधारी आली. कशीबशी पूल ओलांडून गाडी कडेला घेतली. मागून कलिंगडाचा टेम्पो येत होता. टेम्पोवाल्यानं ही मान टाकून बसलेली बघितली आणि आपल्याजवळचा पाण्याचा कॅन तिच्या डोक्यावर रिकामा केला. तो आला नसता तर, असं म्हणून भालेराव गाडीकडं बघायला लागले.

उन्हानं अंधारी कुणालाही येते, असं मी काहीतरी बोललो. तेव्हा गाडीच्या खिडकीतून आवाज आला.

"कुणालाही नाही मामा. मला जास्त येते." ती शांतपणे बोलत होती. "मला छातीच्या खाली घामच येत नाही. अंगाला गार व्हायला घाम लागतो. माझं अंग तापलं की तापतच जातं, आपणहून उतरत नाही. लोकांना वाटतं, पोरीला एसीशिवाय जमत नाही, लाडावलीय."

मी तीस-पस्तीस वर्षं हेच काम केलं, पण एसी ही कुणाच्या जगण्याची गोष्ट असू शकते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या लेखी ती सोयीची वस्तू होती, लग्नाच्या गाड्यांची आणि पुढाऱ्यांची. मी निळी बॅटरी घेतली आणि बॉनेट उघडलं.

रंग कुठंच नव्हता. प्रत्येक जोड, प्रत्येक पाइप बघितला. गॅस मात्र जवळजवळ संपलेला. बॉनेटखाली गळती नाही याचा अर्थ ती आत आहे, डॅशबोर्डमागं, कूलिंग कॉइलच्या डब्यात. पण रात्रभर दाब टिकला होता, ते कसं? मी भालेरावांना सांगायला लागलो की डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, जुनी गाडी आहे, प्लास्टिकचे खटके तुटतील, आणि एवढं करून सापडेलच याची खात्री मी देत नाही.

"मामा," खिडकीतून पुन्हा आवाज आला, "मला विचारलं तर मी सांगते."

"विचारतील, तवा बोल," भालेराव म्हणाले. "मिस्त्रींना त्यांचं काम करू दे."

"बोलू द्या तिला," मी म्हणालो. "गाडी रोज तीच चालवते ना?"

ती म्हणाली, "ब्रेक जोरात लावला की डॅशबोर्डच्या आतून सुस्स असं येतं. एकदाच, बारीक. साधा ब्रेक लावला तर नाही. गतिरोधक अचानक समोर आला, कुणी आडवं आलं, असं झालं तर. मी आप्पांना सांगितलं होतं."

"टायरचा आवाज असतो त्यो," भालेराव म्हणाले. "मी बसून बघितलंय. मला न्हाई ऐकू आला."

"टायर गाडीच्या आत नसतो आप्पा. आणि त्या दिवशी तुम्ही शेजारी होतात म्हणून मी जपून चालवत होते."

दत्ता हसू दाबत पाना पुसायला लागला. माझ्या मात्र डोक्यात काहीतरी सरकलं. ही गाडी माझ्याकडे तीनदा आली, दौंडच्या मेकॅनिकांकडे चारदा गेली. प्रत्येक वेळी ती भालेरावांनी आणली, पायानं ब्रेक लावत. मीही चालवून बघितली ती पायानंच. हातानं ब्रेक लावणारं माणूस एकच होतं, आणि त्याला घेऊन गाडी तपासायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"आत्ता चालवशील का, पोरी?" मी विचारलं. "उन्हाचं जमंल?"

"गॅस भरा, मग जमेल," ती म्हणाली.

गॅस भरला. भालेरावांनी तिला उचलून पुढं बसवलं. त्या उचलण्यात एक सराव होता, दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. भालेराव मागं बसले. मी पुढच्या डाव्या सीटवर कसाबसा उलटा झालो, डोकं डॅशबोर्डखाली, पाय सीटच्या पाठीवर, हातात ते यंत्र. या वयात अशी कसरत करायची नसते. दत्तानं दार लावून घेतलं आणि आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो.

गार हवा चांगली येत होती. यंत्र गप्प. ती सहज, संथ चालवत होती. खालून मला फक्त तिचा डावा हात आणि ती दांडी दिसत होती. मोकळा रस्ता लागल्यावर मी म्हणालो, "मागं कुणी नाही ना? मग आता मार, जोरात."

तिनं दांडी पुढं रेटली. मी डॅशबोर्डवर आपटलो. आणि यंत्र टीं टीं टीं करत किंचाळलं.

"पुन्हा."

पुन्हा गाडी पळाली, पुन्हा दांडी पुढं गेली, पुन्हा यंत्र ओरडलं. या खेपेला माझं तोंड बरोबर त्या बाजूला होतं. मी बॅटरी मारली. दांडीचा खालचा टेकू, म्हणजे जिच्या आधारावर दांडी हलते ती जाड लोखंडी पट्टी, मधल्या बाजूला एका बोल्टवर आवळलेली होती. दांडी रेटली की ती पट्टी सुतभर मागं ओढली जात होती. आणि तो बोल्ट कूलिंग कॉइलच्या डब्याचा होता. पट्टीबरोबर डबा हलत होता, डब्याबरोबर त्याच्या आतला पाइपचा जोड. तो जोड क्षणभर उघडायचा, चिमूटभर गॅस सोडायचा आणि परत बसायचा. गाडी उभी असताना तो रात्रभरच काय, महिनाभर टिकला असता. रंग त्या डब्यातच उतरत होता आणि एसीच्या पाण्याबरोबर रस्त्यावर टिपकून जात होता.

"थांबव," मी म्हणालो.

तिनं गाडी कडेला घेतली. मी तसाच उलटा पडून बघत होतो. शेतातून एक म्हातारा काठी टेकत आला, काचेतून माझे वर गेलेले पाय बघितले आणि प्रज्ञाला म्हणाला, "काय झालं गं बाय? ह्यो गेला का काय?"

"न्हाई आबा," ती म्हणाली, "ते एसी बघतायत."

"व्हय का," आबा म्हणाले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले, विश्वास बसत नसल्यासारखे.

मी सरळ झालो. सांगायचं तर होतंच. गळती सापडल्याचा आनंद मला नेहमी पोरासारखा होतो, सगळ्या दुकानाला बोलावून दाखवतो. त्या दिवशी मागच्या सीटवर भालेराव होते, आणि ती दांडी त्यांची होती. आपल्या मापाची, आपल्या हातची. पोरीला परत रस्त्यावर आणणारी. आणि तिच्याच पट्टीनं भीमेच्या पुलावर तिचा जीव जायची वेळ आणली होती.

जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. पट्टी, बोल्ट, डबा, जोड. ते शहाणे गृहस्थ होते, अर्ध्या वाक्यातच त्यांना समजलं.

"म्हंजी माझ्यामुळं," ते म्हणाले.

"त्या बोल्टामुळं," मी म्हणालो.

"बोल्ट मी निवडला. तिथंच सगळ्यात घट्ट आधार मिळत हुता. ब्रेक हाय म्हणलं, आधार हलता कामा नये." त्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघत राहिले. प्रज्ञानं गाडी दुकानाकडं वळवली. एसी मात्र चालू होता, छान गार.

दुकानात आल्यावर भालेराव कडुलिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले. दत्तानं दिलेला चहा तसाच गार झाला. मला काय करावं कळेना, म्हणून मी पाने मांडायला घेतले. तेवढ्यात प्रज्ञानं हाक मारली, "आप्पा, इकडं या ना जरा."

ते उठून खिडकीपाशी गेले. ती काय बोलली ते मला ऐकू आलं, कारण ती मला ऐकू यावं असंच बोलत होती.

"इतकी वर्षं मी या दांडीवर ब्रेक लावतेय. एकदा तरी चुकला का?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

"चाकणला निघालेल्या कंटेनरखाली गेले असते मी, त्या पावसाळ्यात. आठवतंय ना, सांगितलं होतं? जागेवर थांबली गाडी. गॅसचं काय, तो भरता येतो. ब्रेक चुकला असता तर काय भरलं असतं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "दांडी तुमचीच राहणार. मला दुसरी नको. फक्त पट्टी कुठं लावायची ते तुम्ही आणि मामा ठरवा. आणि नोकरीचं परत बोलायचं नाही."

भालेरावांनी तिच्या खांद्यावरचा पंचा काढला, तो वाळला होता, आमच्या नळावर भिजवून पिळून परत तिच्या खांद्यावर टाकला. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, खडू हाय का?"

पुढचं सगळं काम त्यांनीच करवून घेतलं असं म्हणायला हरकत नाही. शेडच्या फरशीवर त्यांनी गाडीच्या तळाचा आडवा उभा आराखडा काढला. सीटखालून जाणारी सांगाड्याची लोखंडी चॅनेल कुठं आहे, दांडीचा जोर कोणत्या दिशेनं येतो, टेकू तिथं नेला तर दांडी किती लांबेल, सगळं बोलत बोलत मांडलं. मी एसीचा माणूस, मला लोखंडाच्या जोराचं इतकं कळत नाही. मी एवढंच सांगत होतो की इथं माझा पाइप आहे, इथं माझी वायर आहे, इथून लांब राहा. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. प्रज्ञा आमच्या ऑफिसमध्ये कूलरसमोर खुर्चीत बसून होती आणि मधून मधून आम्ही तिला मूठ धरायला बोलावून हात कुठवर पोचतो ते बघत होतो. एकदा भालेरावांनी विचारलं, "जड जातंय का?" ती म्हणाली, "आधीपेक्षा हलकं." ते खडू खिशात टाकून बसले.

डॅशबोर्ड उतरवायला दिवस गेला. उतरवायच्या आधी भालेरावांनी बुद्धाची मूर्ती रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली. आत तो जोड दिसला. ओ-रिंग एका बाजूनं चेपली होती, कुणी नखानं ओरखडावं तशी. नवी बसवली, डबा त्याच्या मूळ बोल्टवर मोकळा ठेवला. तीन खटके तुटले, ते दत्तानं कुठूनतरी जमवले. भालेरावांची ती जाड पट्टी चॅनेलला बसली ती अशी, की दत्तानं आणि मी दोघांनी मिळून दांडी रेटली तरी डब्यावर ठेवलेला चहाचा कप हलला नाही. ती परीक्षाही भालेरावांनीच सुचवली होती. गाडी आरटीओला पुन्हा दाखवून घ्यायची, हेही त्यांनी स्वतःच ठरवलं.

निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "केबिनमधी आमाला साहेब सांगायचे, दांडी ओढल्यावर तिकडं लांब काय हललं ते बघितल्याबिगर दुसरी दांडी धरायची न्हाई. सगळी नोकरी तसं केलं. आन् घरच्या दांडीचं बघितलं न्हाई."

"तुम्ही ब्रेक हलतो का ते बघितलं," मी म्हणालो. "तेच बघायचं होतं."

त्यांना ते पटलं की नाही, मला माहीत नाही. प्रज्ञा चालवत होती, ते शेजारी बसले होते. गाडी बायपासला वळली.

त्यानंतर गाड्या येत गेल्या, जात गेल्या. आता नव्या गाड्यांत गळती शोधायची फारशी पद्धतच राहिलेली नाही, अख्खा भाग बदलून मोकळे होतात. पोरं हुशार आहेत, यंत्रं भारी आहेत. पण गिऱ्हाइकाशी बोलायला कुणाला सवड नसते याचं वाईट वाटतं. गाडी कुठं फिरते, कोण चालवतं, कधी काय आवाज येतो, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. मी दत्ताला सांगत असतो. तो म्हणतो, "मामा, तुम्हीच विचारा, तुम्हाला वेळ हाय." खरं आहे ते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, ती गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. काच खाली झाली. प्रज्ञा एकटीच होती. खांद्यावर पंचा नव्हता, डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"मामा, गॅस बघून देता का जरा? काही झालं नाहीये. लांब चाललेय म्हणून."

मी गेज लावला. काटा गेल्या वर्षी सोडला होता तिथंच.

"कुठं निघालीस एवढ्या उन्हाची? कंपनी तर अलीकडंच राहिली."

"नगरला. मैत्रीण आहे कॉलेजातली. काम काही नाही, अशीच."

"आन् आप्पा कुठायत? एकटीला सोडलं व्हय?"

ती हसली. "मी निघाले तेव्हा झोपले होते. दुपारचे झोपायला लागलेत आता. आधी मी घरी पोचेपर्यंत दारात बसायचे, उन्हाळाभर. आज उठवलं नाही मी त्यांना."

मी बॉनेट लावलं आणि बाजूला झालो. बायपासवर ऊन नुसतं तापत होतं. तिनं काच वर घेतली. मी हात हलवला, पण तिचा एक हात स्टिअरिंगवर होता आणि दुसरा दांडीवर, म्हणून तिनं नुसती मान हलवली आणि गाडी नगरच्या दिशेला काढली.